क म्हणजे कांदे नव्हेत

दिवाळी हा दिव्यांचा सण, फराळाचा सण, हे तर झालेच. पण आमच्या जळकोटसारख्या गावात तो त्याहूनही अधिक हिशेबाचा सण असतो. सोयाबीन नुकतेच निघालेले असते, घरात चार पैसे आलेले असतात, आणि ते येतात न येतात तोच किराणा, कापड, पोरांचे फटाके, लेकीची दिवाळी अशा दहा वाटांनी निघून जाण्याच्या तयारीत असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानांतून नव्या वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते. त्याआधीचे पंधरा दिवस मात्र गावभर एकच मंत्र ऐकू येतो : 'काय भाव?'

या सदरात आपण एखादे गणित घरगुती करून पाहत असतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी पाने जरा सढळ हाताने दिली आहेत, तेव्हा आज हा मंत्रच विषय म्हणून घेऊ. भाव म्हणजे काय, तो कुठे उघड असतो, कुठे दडून बसतो, आणि दडून बसला की त्याला बाहेर कसा काढावा, एवढेच पाहावयाचे आहे. बीजगणिताचे नाव ऐकून पान उलटू नका. सुरुवात भागाकारानेच करणार आहोत.

भाव म्हणजे एका मापाची किंमत. पाच किलो गूळ तीनशे रुपयांना घेतला, तर एका किलोला साठ. शाळेत यालाच एकमान पद्धत म्हणतात, आणि आमचे आजोबा-पणजोबा यालाच त्रैराशिक म्हणत. 'पाचाला तीनशे, तर एकाला किती?' यात अवघड काही नाही. अवघड असते ते 'एक' म्हणजे नेमके काय, हे ठरविणे.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नसे. निजामाच्या राज्यात आमच्याकडे हाली रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर १९५० साली जो दर होता तो असा, की हालीचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. १९५९ साली हाली रुपया कायमचा गेला. मधल्या वर्षांत, १ एप्रिल १९५७ पासून, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले आणि १९६२ पर्यंत तो बदल देशभर पुरा झाला. म्हणजे दहा-बारा वर्षांत त्या पिढीचे नाणेही बदलले, आण्याचा हिशेबही बदलला आणि मापही बदलले! समजा, गूळ हाली एक रुपया शेर होता. आता किलोला किती नवे पैसे? ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. हाली रुपया म्हणजे कलदार सहा-सप्तमांश, म्हणजे जवळजवळ ८६ पैसे. ९३३ ग्रॅमला ८६, तर हजार ग्रॅमला सुमारे ९२ पैसे. ज्याने हा हिशेब तोंडी केला तो तरला. ज्याने 'रुपया शेर होता, आता रुपया किलो, किलो तर शेरापेक्षा मोठा, मग स्वस्तच की' असे म्हटले, त्याने किलोमागे आठ पैसे जास्त मोजले आणि वर समाधानही मानले.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. दिवाळीच्या तोंडावर तेलाचा डबा घ्यायला जा. दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींवर '१५' लिहिलेले असते. एकावर १५ किलो, दुसऱ्यावर १५ लिटर. उदाहरणादाखल आकडे घेऊ : किलोचा डबा २,२५० रुपयांना आणि लिटरचा २,१०० रुपयांना. दीडशे रुपये वाचले म्हणून लिटरचा डबा डोक्यावर घेऊन माणूस खुशीत घरी येतो. पण खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. तेव्हा पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. आता भागाकार करा. पहिला डबा किलोला १५० रुपये, दुसरा जवळजवळ १५४. स्वस्त दिसला तोच महाग निघाला. माप एक केल्याशिवाय भावाची तुलना करू नये, हा या विषयाचा पहिला नियम.

इथपर्यंत भागाकाराने काम भागले, कारण चिठ्ठीवर वस्तू एकच होती. पण बाजाराची पिशवी अशी एका वस्तूची कधी असते? समजा, घरधन्याने ४ किलो कांदे आणि ३ किलो बटाटे आणले आणि दुकानदाराने एकच आकडा लिहून दिला : २२० रुपये. कांद्याचा भाव काय? २२० ला सातने भागून काहीच हाती लागत नाही. जे येईल तो ना कांद्याचा भाव, ना बटाट्याचा. शेजारणीने त्याच दिवशी त्याच दुकानातून २ किलो कांदे आणि ५ किलो बटाटे नेले आणि तिला २३६ रुपये पडले. आता दोन चिठ्ठ्या झाल्या. भाव अजूनही कुठे लिहिलेला नाही, पण तो या दोन कागदांच्या मध्ये कुठेतरी आहे.

अशा वेळी बीजगणित काय करते? जे ठाऊक नाही त्याला ते नाव देते. बस्स, सगळी जादू एवढीच. एक किलो कांद्याचा भाव क्ष रुपये म्हणा, एक किलो बटाट्याचा भाव य रुपये म्हणा. मग पहिली चिठ्ठी अशी झाली :

४ क्ष + ३ य = २२०

आणि दुसरी अशी :

२ क्ष + ५ य = २३६

दुसऱ्या चिठ्ठीची दुप्पट करा. शेजारीण दुप्पट खरेदी करती तर दुप्पट पैसे देती, इतके ते साधे आहे. ४ क्ष + १० य = ४७२. आता हिच्यातून पहिली चिठ्ठी वजा करा. दोन्हींकडे कांदे चार-चार किलो, ते गेले; उरले ७ य = २५२. बटाटा किलोला ३६ रुपये. पहिल्या चिठ्ठीत तीन किलो बटाट्यांचे १०८ गेले, उरले ११२, ते चार किलो कांद्यांचे. कांदा २८ रुपये. ताळा करून पाहा : दोन किलो कांदे ५६, पाच किलो बटाटे १८०, मिळून २३६. जमले.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रकरण या विषयाचे आहे : 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. मुले ती समीकरणे सोडवितात, आकडेमोडही सहसा चुकत नाही. गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणात, आणि तीही पहिल्याच ओळीत. मी वर्षानुवर्षे मुलांच्या वह्या पाहत आलो आहे. सोपे जावे म्हणून मुले क्ष-य ऐवजी वस्तूंची आद्याक्षरे घेतात : क आणि ब. मग वहीत पहिली ओळ पडते, 'क = कांदे, ब = बटाटे'. झाले! आता '४ क' म्हणजे काय? मूल म्हणते, चार किलो कांदे. मग चार किलो कांदे अधिक तीन किलो बटाटे बरोबर २२० रुपये? किलोत किलो मिळविले आणि उत्तर रुपयांत आले! कांदे आणि बटाटे यांची बेरीज फार तर भाजीत होईल, वहीत होणार नाही. क म्हणजे कांदे नव्हेत. क म्हणजे एक किलो कांद्याचे रुपये. तो एक आकडा आहे. आज आपल्याला ठाऊक नाही इतकेच. चार किलो हे दुकानदाराने तोलून दिले, क हा एका किलोचा भाव, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे कांद्यापोटी दिलेले पैसे. पैशात पैसे मिळविले म्हणजे पैसेच येतात, आणि मग दोन्ही बाजू बरोबर होतात.

म्हणून मी मुलांना समीकरण मांडण्याआधी एक पूर्ण मराठी वाक्य लिहावयास लावतो : 'एक किलो कांद्याचा भाव क्ष रुपये मानू.' त्यात वस्तू हवी, माप हवे, आणि रुपये हवेत. हे वाक्य ज्याच्या वहीत धड उतरले त्याचे अर्धे उदाहरण सुटले.

हे गणित परदेशातून आले अशी एक समजूत आहे. क्ष-य च्या जागी इंग्रजी शाळांत जी अक्षरे लिहितात, ती वापरण्याची रीत देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६३७ च्या ग्रंथामुळे रूढ झाली, हे खरे. राँटगेनने १८९५ साली एक अनोळखी किरण शोधला तेव्हा त्यानेही त्याला अज्ञाताचेच अक्षर दिले. म्हणून तर आपण दवाखान्यात जाऊन 'क्ष-किरण' काढून घेतो. पण अज्ञात भावाला नाव देऊन त्याला बाहेर काढण्याची विद्या आपल्या मातीत त्याहून फार जुनी आहे. अगदी जळकोटच्या शेजारची म्हटली तरी चालेल.

आमच्या शेजारचा तालुका कंधार. तिथला किल्ला आणि जुन्या मूर्ती राष्ट्रकूटांच्या वैभवाची साक्ष देतात. त्या राष्ट्रकूटांपैकी अमोघवर्ष नृपतुंग हा राजा नवव्या शतकात मान्यखेटास, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, राज्य करीत होता. त्याच्या काळात महावीराचार्य नावाच्या जैन पंडिताने 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ लिहिला. त्यात फळबाजारातला एक हिशेब आहे. नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची मिळून किंमत १०७. सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची मिळून १०१. तर एका महाळुंगाची किंमत काय आणि एका कवठाची काय? पाहिलेत? आपल्या कांदे-बटाट्यांचे हे थोरले भावंड. त्या काळचे कवठ आमच्या रानातल्या कवठापेक्षा वेगळे नसणार, आणि गिऱ्हाईकही!

महावीराचार्यांनी यासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. पण आपण एक सोपी युक्ती करू. दोन्ही खरेद्या एकत्र करा : सोळा महाळुंगे, सोळा कवठे, २०८. म्हणजे एक महाळुंग आणि एक कवठ मिळून १३. आता दोन्हींतला फरक घ्या : पहिल्यात दोन महाळुंगे जास्त, दोन कवठे कमी, आणि किंमत ६ ने जास्त. म्हणजे महाळुंग कवठापेक्षा ३ ने महाग. मिळून तेरा आणि फरक तीन : महाळुंग ८, कवठ ५. कागदही लागला नाही.

यानंतर तीनशे वर्षांनी भास्कराचार्य आले. शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा त्यांचा जन्म. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. त्या लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, आणि त्यात काय असावे? पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातून मठाला काय मिळावे याची नोंद! गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजाराच्या हिशेबातून चालावा, यापेक्षा उचित व्यवस्था ती कोणती?

भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत; म्हणजे 'जितके असेल तितके'. अज्ञाते एकाहून जास्त असली तर त्यांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी, पी. काळा, निळा, पिवळा, तांबडा! पोथीत होळीच खेळली म्हणावयाची. त्यांच्या 'बीजगणिता'तले एक उदाहरण तर आमच्याकडच्या कोणालाही आपलेच वाटेल. एका माणसाकडे ३०० रुपये रोख आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे तेवढ्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचे ऋण आहे. दोघांची मालमत्ता सारखीच. तर एका घोड्याची किंमत काय?

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा तो मोठा बाजार. तो ज्याने पाहिला आहे त्याला हे उदाहरण पुस्तकी वाटणारच नाही. इकडे हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारही प्रसिद्ध. देवणी आणि लाल कंधारी ही आमच्याच भागातली नावाजलेली जनावरे. या बाजारांतला जुना रिवाज ठाऊक आहे ना? घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितात. भोवतालच्या माणसांना व्यवहार झाल्याचे कळते, भाव कळत नाही. रुमालाखालचा तो आकडा म्हणजे क्ष. आता रुमाल न उचलता तो ओळखू या. घोड्याची किंमत क्ष :

६ क्ष + ३०० = १० क्ष – १००

दोन्हींकडून सहा घोडे सोडून द्या. उरले ३०० = ४ क्ष – १००. ऋण फेडून टाका : ४०० = ४ क्ष. घोडा शंभराचा. पाहा, रोकड आणि कर्ज दोन्ही एकाच समीकरणात सुखाने नांदली. भास्कराचार्य ऋण आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. कर्जदाराच्या कपाळावरची ती टिकली शाळकरी पोरांना 'वजा' म्हणून आजही छळते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, गुरुजी, गंमत झाली. पण घोडे घेणार कोण आणि महाळुंगे खाणार कोण? याचे उत्तर म्हणून आमच्याच भागातली एक हकीकत सांगतो. माणसांची नावे सांगण्याचे कारण नाही.

दोघे सख्खे भाऊ. वाटणी झालेली, पण ओसरी एकच. दिवाळीपूर्वी एक खरेदीदार गाडी घेऊन गावात आला आणि काट्यावर माप करून दारातूनच सोयाबीन घेऊन गेला. 'भाव सगळ्यांना एकच' असे त्याने तोंडी सांगितले, आणि खर्च वजा करून हातात रोख रक्कम व चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर दोनच आकडे : वजन आणि दिलेले पैसे. थोरल्याचे १० क्विंटल, ४३,२०० रुपये. धाकट्याचे ६ क्विंटल, २५,६०० रुपये. धाकट्याने मोबाइलवर भागाकार केला. थोरल्याला क्विंटलमागे ४,३२० पडले, आपल्याला ४,२६६. चोपन्न रुपये कमी! माल एकाच शिवारातला, काटा एकच, दिवस एकच. मग फरक कसला? थोरल्याने आधी गाडीवाल्याला गाठून आपला भाव वाढवून घेतला असणार, दुसरे काय? बोलणे बंद झाले. भाऊबीजेला बहीण येणार होती, आणि तिने कोणाच्या दारात उतरावे हा म्हातारीपुढे प्रश्न पडला. शेवटी तिनेच दोघांना माझ्याकडे धाडले.

धाकटा चिठ्ठ्या पुढे टाकून म्हणाला, "एकाच दिशी, एकाच काट्यावर माल दिला, गुर्जी. मग मला कमी कामून?" थोरला नुसताच दाराकडे बघत बसला होता. 'मी नाही त्यातला' हे सांगून झालेले असते आणि कोणी मानलेले नसते, तेव्हा माणूस असाच बसतो.

मी म्हटले, खरेदीदार म्हणाला तेच तूर्त खरे धरू. एका क्विंटलचा भाव दोघांना सारखा. तो क्ष रुपये मानू. आणि खर्च म्हणून त्याने जे कापले तेही प्रत्येक घरामागे सारखेच असेल असे धरू. ते य रुपये मानू. मग थोरल्याची चिठ्ठी :

१० क्ष – य = ४३,२००

धाकट्याची :

६ क्ष – य = २५,६००

वजाबाकी केली की य गळून पडतो. ४ क्ष = १७,६००. भाव ४,४०० रुपये. दहा क्विंटलचे झाले असते ४४,०००. हाती आले ४३,२००. म्हणजे कापले ८००. सहा क्विंटलचे २६,४००, हाती आले २५,६००, पुन्हा ८००.

धाकटा हुशार. तो म्हणाला, "गुर्जी, तुम्ही सारखं धरलं म्हणून सारखं निघालं!" शंभर नंबरी प्रश्न होता. दोन चिठ्ठ्यांतून दोन अज्ञाते काढली की काहीतरी उत्तर निघतेच. पण आपण धरलेली गोष्ट खरी होती की नाही, हे त्या दोन चिठ्ठ्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी तिसरा साक्षीदार पाहिजे. त्याच दिवशी शेजाऱ्यानेही ३ क्विंटल दिले होते. त्याची चिठ्ठी मागवली. ती येण्याआधीच कागदावर लिहून ठेवले : तीन क्विंटलचे ४,४०० प्रमाणे १३,२००, त्यातून ८०० वजा, म्हणजे १२,४०० निघावेत. चिठ्ठी आली. तिच्यावर बारा हजार चारशे होते.

थोरल्याने तेव्हा कुठे वर पाहिले. धाकटा काही बोलला नाही. पण त्याने पेन्सिल घेतली आणि आठशेला दहाने, सहाने, तीनने भागू लागला. थोरल्याला खर्च पडला क्विंटलमागे ८० रुपये, धाकट्याला १३३, शेजाऱ्याला जवळजवळ २६७. ज्याचा माल कमी त्याच्यावर खर्चाचा बोजा जास्त. चोपन्न रुपयांचा चोर सापडला होता, आणि तो भाऊ नव्हता. पुढच्या हंगामात तिघांनी माल एकाच नावाने, एकाच मापात दिला आणि एकदाच ८०० कापू दिले. १,६०० रुपये वाचले. ते कसे वाटून घेतले हे मी विचारले नाही. बहीण भाऊबीजेला आली ती ओसरीवरच उतरली, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

एकूण पैशांना एकूण वजनाने भागले की जे येते ते सरासरी असते. तो भाव असतोच असे नाही. रिक्षाचे बिल, विजेचे बिल, फोनचे बिल, कुठेही एक ठरलेला आकार आणि वर मापाप्रमाणे दर असे दुहेरी दुखणे असले, की नुसता भागाकार फसवितो. तिथे दोन अक्षरे लागतात.

दोन अक्षरांना दोन चिठ्ठ्या लागतात हे खरे. पण कोणत्याही दोन नव्हेत. समजा, एका घरी २ किलो कांदे आणि ३ किलो बटाटे १६४ रुपयांना आले आणि दुसऱ्या घरी ४ किलो कांदे आणि ६ किलो बटाटे ३२८ रुपयांना. कागद दोन आहेत, माहिती एकच. दुसरी चिठ्ठी म्हणजे पहिलीच दोनदा वाचली, इतकेच. अशा दोन काय, दहा चिठ्ठ्या आणल्या तरी भाव सांगता यायचा नाही. एकच गोष्ट दहा जणांनी सांगितली म्हणजे ते दहा पुरावे झाले असे नव्हे, हे बाजाराइतकेच चावडीवरही खरे आहे.

भास्कराचार्यांनी हेही सोडले नाही. त्यांच्या एका उदाहरणात दोन माणसे आहेत. एकाकडे ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० रुपये. दुसऱ्याकडे ७ माणके, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ रुपये. दोघांचे धन सारखे. तर एकेका रत्नाची किंमत काय? अज्ञाते तीन, माहिती एकच. आचार्य काय करतात? किमती ३, २, १ या प्रमाणात आहेत असे ते मानून चालतात. मग माणिक १२, नीलमणी ८, मोती ४. दोघांचे धन २४२ भरते. पण माणिक १०, नीलमणी १०, मोती २ असे घेतले तरी दोघांचे धन २३४ म्हणजे सारखेच होते! उत्तरे अनेक आहेत. आचार्यांनी त्यांतले एक आपल्या मानण्याने काढले आणि आपण काय मानले हे उघड सांगितले. मला यात गणिताइतकाच सचोटीचाही धडा दिसतो. मानलेले आणि मोजलेले यांत गल्लत करू नये. व्यापाऱ्याने करू नये, तशी मास्तरानेही करू नये.

आता सरकारने आपले काम थोडे हलके केले आहे. २०२१ साली वेष्टनबंद मालाचे नियम दुरुस्त झाले आणि पुढे पुड्यावर छापील किमतीबरोबर एका मापाची किंमतही छापणे आले. पुडा किलोच्या आतला असेल तर ग्रॅमला किती, किलोच्या वरचा असेल तर किलोला किती. चांगली गोष्ट झाली. पण डोळे मिटून तिच्यावरही विसंबू नका. हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात. ५०० ग्रॅमचा एक पुडा ६३ रुपयांचा, दुसरा ६७ चा. पहिल्याचा ग्रॅमला १२.६ पैसे, दुसऱ्याचा १३.४ पैसे, छापताना दोघांवरही ०.१३ रुपये! पुड्यावरचा भाव सारखा, आणि किलोमागे फरक आठ रुपयांचा. शिवाय छोट्या पुड्यावर ग्रॅमचा भाव आणि मोठ्यावर किलोचा. तेव्हा हजाराने गुणण्याची तयारी ठेवूनच दुकानात जावे. छापखाना आपला भागाकार करून देईल. माप एक करण्याचे काम आपल्यालाच उरते.

जाता जाता, सदराच्या शिरस्त्याप्रमाणे एक फराळी कोडे. एकीने एक डझन पणत्या आणि दोन आकाशकंदील ४२० रुपयांना घेतले. दुसरीने त्याच दुकानातून दोन डझन पणत्या आणि एक आकाशकंदील ३०० रुपयांना घेतला. एका पणतीचा भाव किती? उत्तर मी सांगणार नाही. पण 'डझनाचा भाव' आणि 'पणतीचा भाव' यांत घसरू नका. घरातल्या दहावीच्या मुलाला किंवा मुलीला सोडवायला द्या. आणि उत्तर बरोबर आले की नाही हे पाहण्याआधी वहीतली पहिली ओळ वाचा. तिथे 'क्ष = पणत्या' असे लिहिलेले असेल, तर रागावू नका; शेजारी बसवून एक करंजी द्या आणि विचारा, 'बाळ, क्ष पणत्या, की क्ष रुपये?'